‘स्कॅन नॉर्मल आहे’ म्हणजे वाचता येतं असं नाही

डोक्याला मार लागून दोन-तीन आठवडे झालेले रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा फाईलमध्ये सगळ्यात वर सिटी स्कॅनचा रिपोर्ट असतो. त्याच्या तळाशी एक ओळ असते. मेंदूत रक्तस्राव नाही, कवटीला फ्रॅक्चर नाही. ती ओळ वाचून घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि ते योग्यच आहे. माझी तक्रार त्या ओळीच्या पुढच्या प्रवासाबद्दल आहे. घरातून ती शाळेत जाते, ऑफिसात साहेबांच्या टेबलावर जाते, आणि जाता जाता तिचा अर्थ बदलत जातो. ‘रक्तस्राव नाही’चं ‘काही झालेलं नाही’ होतं. मग ‘काही झालेलं नाही’चं ‘नाटकं करतोय’ व्हायला वेळ लागत नाही.

आणि समोर बसलेला माणूस सांगत असतो, ‘डॉक्टर, अक्षरं हलतात हो. एकच ओळ दोनदा वाचली जाते. पान संपतं, पण डोक्यात काही शिरत नाही. दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं, मळमळतं.’

हा माणूस खोटं बोलत नाही. त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांशी भांडण्यासाठी हा लेख आहे. त्यात घरचे आले, शिक्षक आले, साहेब आले, आणि माझ्या व्यवसायातली काही मंडळीही आली.

तुम्ही स्वतःच असे रुग्ण असाल, तर कृपा करून हा लेख एका दमात वाचू नका. घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तेच तुमच्या सोयीचं आहे, आणि त्यांनीही तो वाचलेला बरा.

डोक्याला मार लागायला आपल्याकडे कारणांची कमतरता नाही. महामार्गाचं वर्षानुवर्षं रखडलेलं काम, पावसाळ्यात खड्ड्यात आपटणारी दुचाकी, शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरलेला पाय, झेला घेऊन आंब्यावर चढलेला आणि फांदीसकट खाली आलेला गडी. यातल्या ज्यांची कवटी फुटते किंवा मेंदूत रक्त साचतं, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण डोक्याला मार लागून दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना जे होतं त्याला कन्कशन म्हणतात. साध्या मराठीत, मेंदूला बसलेला मुका मार. हाताला मुका मार लागला तर एक्स-रे नॉर्मल येतो, तरी कुणी त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाण्याची कळशी उचलायला लावत नाही. सूज दिसते ना! मेंदूच्या मुक्या माराला बिचाऱ्याला सूजही दिसत नाही आणि सहानुभूतीही मिळत नाही.

बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, हाही एक हट्टी गैरसमज आहे. बहुसंख्य कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध होतच नाही. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, थोडा वेळ गोंधळल्यासारखं होतं, पडल्याच्या आगेमागचं काही आठवत नाही, एवढंच. डोकं कुठे आपटलंच पाहिजे असंही नाही. गाडीला मागून जोरात धक्का बसून मान झटकली गेली तरी मेंदू आतल्या आत हलतो.

मग स्कॅनमध्ये का दिसत नाही?

सिटी स्कॅन हाड दाखवतो, रक्त दाखवतो, सूज आणि गाठ दाखवतो. मेंदूच्या पेशी काम कशा करताहेत ते दाखवत नाही. तुमच्या घरातलं वायरिंग तपासायला वायरमन आला, त्याने सगळं पाहून सांगितलं की वायर कुठेही तुटलेली नाही. ते खरंच असतं. पण त्या दिवशी व्होल्टेजच कमी असेल तर? ट्यूब फडफडते, पंखा रेंगाळत फिरतो, आणि विहिरीवरचा पंप तर उचलतच नाही. कन्कशननंतर मेंदूत काहीसं असंच होतं. धक्क्यामुळे पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो, तो पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मागणीला पुरा पडत नाही. बोलणं, चालणं, जेवणं ही पंख्याची कामं चालून जातात. म्हणून लोकांना माणूस ठणठणीत दिसतो. वाचन हे पंपाचं काम आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. वाचताना आपले डोळे ओळीवरून पाण्यासारखे वाहत जात नाहीत, ते उड्या मारत जातात. एक उडी, साधारण पाव सेकंदाचा थांबा, पुन्हा उडी. अक्षर ओळखलं जातं ते त्या थांब्यात. ओळ संपली की एक लांब उडी मारून बरोबर पुढच्याच ओळीच्या सुरुवातीला यायचं. दोन्ही डोळे नाकाकडे थोडे वळलेले ठेवायचे आणि ते पान संपेपर्यंत तसेच धरून ठेवायचे, नाहीतर एका अक्षराची दोन दिसतात. डोळ्यातल्या भिंगाने जवळचं स्पष्ट करत राहायचं. मान किंचित हलली तरी पान हलल्यासारखं वाटू नये म्हणून कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेने डोळ्यांना सावरून धरायचं. हे सगळं सांभाळून शिवाय ओळीच्या सुरुवातीला काय म्हटलं होतं ते ओळ संपेपर्यंत ध्यानात ठेवायचं. लहानपणी हे एकदा शिकलो की आयुष्यभर त्याचे कष्ट जाणवत नाहीत, म्हणून आपल्याला वाचन म्हणजे ‘नुसतं बसून करायचं काम’ वाटतं.

कन्कशननंतर यातलं काय काय बिघडतं याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. कन्कशन झालेल्या ११ ते १७ वर्षांच्या १०० मुलांचे डोळे नीट तपासले, तेव्हा ६९ जणांत डोळ्यांच्या कामाचा एक ना एक दोष सापडला. निम्म्याच्या आसपास मुलांना जवळचं स्पष्ट करता येत नव्हतं. जवळजवळ तितक्याच मुलांचे डोळे नाकाकडे नीट एकवटत नव्हते. काहींच्या उड्याच चुकत होत्या. ही मुलं खास कन्कशनच्या तज्ज्ञांकडे आलेली होती, म्हणजे मुळातच जास्त त्रास असलेली. मार लागलेल्या प्रत्येक मुलाला हा आकडा लावता येणार नाही. पण एवढं निश्चित की ‘अक्षरं हलतात’ म्हणणाऱ्या मुलाच्या बोलण्याला तपासून दिसणारा आधार असतो, आणि तो शोधायचा तर डोळ्यांच्या हालचाली तपासाव्या लागतात.

इथेच गंमत होते. मुलाला डोळे तपासायला नेलं जातं. समोरच्या भिंतीवरचा तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतो. ६/६! ‘डोळे उत्तम आहेत’ असं सांगून घरी पाठवणी होते, आणि आईच्या मनातल्या संशयाला दुसरा पुरावा मिळतो. अहो, तो तक्ता सहा मीटरवर असतो, एका वेळी एक डोळा झाकून वाचायचा असतो आणि तो संपायला अर्धं मिनिट लागतं. इतिहासाचं पुस्तक फूटभर अंतरावर असतं, ते दोन्ही डोळ्यांनी आणि तासभर वाचायचं असतं.

घरी एक साधी गोष्ट करून पाहता येईल. पेनाचं टोपण हातभर अंतरावर धरा आणि त्याच्याकडे पाहत हळूहळू नाकाच्या दिशेने आणा. निरोगी डोळ्यांना ते नाकापासून साधारण पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसतं. त्याच्या बरंच आधी दोन टोपणं दिसू लागली, किंवा कपाळ ताणून आलं, तर डोळे एकवटण्यात अडचण असू शकते. एक डोळा झाकल्यावर वाचणं सोपं जात असेल तर तोच संशय बळावतो. हे काही निदान नव्हे. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना ‘नंबर तपासा’ असं न सांगता ‘जवळचं एकवटणं आणि डोळ्यांच्या हालचाली तपासा’ असं सांगायला याचा उपयोग होईल.

आता त्या लोकांविषयी, जे म्हणतात की आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

क्रिकेटचं उदाहरण हमखास दिलं जातं. जानेवारी १९८१, सिडनीची कसोटी. मुंबईचे संदीप पाटील ६५ धावांवर खेळत असताना लेन पॅस्को यांचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्यावर कानाजवळ आदळला. हेल्मेट नव्हतं. ते कोसळले, रुग्णालयात गेले. तरी दुसऱ्या डावात फलंदाजीला उतरले, आणि त्याच महिन्यात ॲडलेडला त्यांनी १७४ धावा ठोकल्या. ती खेळी मीही विसरू शकत नाही. पण पराक्रमाच्या गोष्टीतून औषधोपचार ठरवायचे नसतात. एकजण तीन आठवड्यांत बरा झाला यावरून एवढंच कळतं की तो एकजण बरा झाला.

आणि खुद्द क्रिकेटनेच हा विचार सोडून दिलाय. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेता येतो. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला, तीन बळी घेऊन सामनावीरही ठरला. तेव्हा ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जस्टिन लँगर सामनाधिकाऱ्यांशी हुज्जत घालताना साऱ्या जगाने पाहिले. ‘हा तर चांगला दिसतोय!’ हाच तो संशय. तो सिडनीत असो, कॅनबेरात असो की आपल्या मारुती मंदिराजवळच्या एखाद्या वर्गात असो, त्याचं मूळ एकच आहे. जे दिसत नाही ते नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत दहावीची मुलं असतात तशी मोठी माणसंही असतात. दिवसभर आकडे पाहणारा बँकेतला कॅशियर. सातबाऱ्याचे बारीक रकाने वाचणारा कारकून. रजिस्टरं आणि मोबाईल दोन्ही भरणारी अंगणवाडी सेविका. या मंडळींना शाळकरी मुलांपेक्षा जास्त सोसावं लागतं असं मला वाटतं, कारण मुलासाठी निदान आई भांडते. एका तरुणाला त्याच्या साहेबांनी विचारलं, ‘मोटरसायकल चालवत ऑफिसला येता येतं आणि फाईल वाचता येत नाही?’ प्रश्न बिनतोड वाटतो ना? खरं तर त्या काळात त्याने मोटरसायकल चालवायलाच नको होती. नोकरीच्या भीतीने तो चालवत होता.

दुसऱ्या टोकाची माणसंही कमी त्रास देत नाहीत. ही प्रेमळ असतात. ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय’ म्हणून खिडक्या बंद, दिवा बंद, टीव्ही बंद, पुस्तक बंद, मित्र बंद. महिनाभर मूल अंधारात पडून. मग ते चिडचिडं होतं, झोपेची घडी विसकटते, डोकं अधिकच दुखतं, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, अजून बरं वाटत नाही, म्हणजे मार मोठाच असणार.’ २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत कन्कशन झालेल्या मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचे व्यवहार. पाच दिवस पडून राहिलेल्यांना फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांनी जास्त तक्रारी सांगितल्या.

म्हणजे सुरुवातीला काहीच पथ्य नको असंही नाही. पहिल्या ४८ तासांत मोबाईल आणि टीव्ही बाजूला ठेवण्याचा उपयोग होतो. १२ ते २५ वर्षांच्या १२५ जणांवर झालेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, ज्यांना पहिले दोन दिवस स्क्रीन टाळायला सांगितलं ते साधारण साडेतीन दिवसांत सावरले. ज्यांना मुभा होती त्यांना आठ दिवस लागले. पहिल्या दोन दिवसांचं पथ्य महिनाभर ताणू नका, एवढंच माझं म्हणणं. क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांची ॲमस्टरडॅमला २०२२ मध्ये परिषद झाली, तिचाही कल हाच आहे. एक-दोन दिवस जरा सबुरीने, मग चालणं-फिरणं सुरू, आणि वाचन टप्प्याटप्प्याने. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांच्या आसपास आणि मुलं चार आठवड्यांच्या आत पूर्ववत होतात.

औषधांबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. ‘मेंदूच्या ताकदीच्या’ गोळ्यांची पाकिटं घेऊन रुग्ण येतात. सिटिकोलिन हे त्यातलं नेहमीचं नाव. महिन्याकाठी बराच खर्च होतो. या औषधाची मोठी चाचणी झालेली आहे. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांना ९० दिवस एकतर सिटिकोलिन दिलं किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २०१२ साली निकाल जाहीर झाला. काहीही फरक नाही. ते रुग्ण तुमच्या-माझ्यासारख्या मुक्या माराच्या रुग्णांहून जास्त गंभीर होते. तिथे जे चाललं नाही ते इथे कशाच्या आधारावर द्यायचं, हे लिहून देणाऱ्याला तुम्ही नम्रपणे विचारू शकता. तो तुमचा हक्क आहे.

भोवळीच्या गोळ्यांचंही तसंच. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं दोन-चार दिवस उलटी-घेरी थोपवायला ठीक. पण त्या तोलाच्या यंत्रणेला गुंगी आणतात, आणि आठवडेच्या आठवडे घेत राहिलात तर मेंदूला स्वतःचा तोल नव्याने जुळवायची संधीच मिळत नाही. कूस बदलली की गरगरतं असा त्रास असेल तर तो बऱ्याचदा कानातल्या सुट्या झालेल्या कणांमुळे असतो, आणि जाणकाराने डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून दिलं की गोळीशिवाय थांबतो. डोकेदुखीसाठी साधं पॅरासिटामॉल चालेल, पण महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेत राहिलात तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. हे फार लोकांना माहीत नसतं.

मग करायचं काय? वाचन सोडायचं नाही आणि रेटायचंही नाही. पाय मुरगळलेला माणूस जसा आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग बाजारापर्यंत चालतो, तसं. पहिले दोन दिवस गेले की पाच मिनिटं वाचून बघा. वाचण्याआधी त्रासाला दहापैकी किती गुण द्याल ते मनाशी ठरवा, वाचून झाल्यावर पुन्हा द्या. एखाद-दुसऱ्या गुणाने त्रास वाढला आणि तासाभरात उतरला, तर घाबरायचं कारण नाही, तेवढं चालतं. त्याहून जास्त चढला किंवा तासाभराहून जास्त रेंगाळला, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा. जमलं तर दोन-तीन मिनिटं वाढवा. अक्षरं हलायला लागायच्या आधी थांबायचं, हलायला लागल्यावर नव्हे. ही एकच गोष्ट पाळली तरी निम्मं काम होतं, पण अभ्यासू मुलांना तीच सगळ्यात अवघड जाते.

सुरुवात कागदापासून करा. मोबाईलवर मजकूर बोटाने सरकवत वाचणं हे या डोळ्यांना फार जड जातं, कारण ओळ पळत असते आणि डोळ्यांना तिच्या मागे धावावं लागतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि ती ओळीवर ठेवून वाचा. वरखालच्या ओळी झाकल्या गेल्या की ओळ चुकत नाही. आपल्या लिपीत काना-मात्रा-वेलांट्यांची वरखाली गर्दी असते, त्यामुळे ओळी दाट छापलेल्या असतील तर हा पुठ्ठा विशेष उपयोगी पडतो. झेरॉक्सवाल्याकडून पान ए-फोरचं ए-थ्री करून घ्या, थोड्या रुपयांत अक्षर मोठं होतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पुढच्या टप्प्यात तीही मोठी करून वाचता येतील. चाळिशीनंतरची माणसं वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा चष्मा वापरतात. त्यांनी काही दिवस नुसता वाचायचा वेगळा चष्मा वापरून पाहावा, मान वरखाली करणं वाचतं. आणि एसटीत बसून वाचू नका. घाटाच्या वळणांवर निरोगी माणसालाही मळमळतं, तुम्ही तर आधीच घायकुतीला आलेले.

वाचून घेणं आणि ऐकणं यात कमीपणा मानू नका. आपल्याकडे श्रावणात एकजण पोथी वाचायचा आणि ओसरीवरची दहा माणसं ऐकायची. त्या दहांना पोथी कळली नाही असं कुणी म्हटलंय का? मैत्रिणीने धडा वाचून दाखवावा, आजोबांनी बातमी वाचून दाखवावी. फोनलाही आता मराठी मजकूर वाचून दाखवता येतो, आवाज जरा यांत्रिक असला तरी चालतं. ज्या रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे, तिथल्या माणसाला वाचनापासून तुटल्याचं दुःख किती होतं हे मी रोज बघतो. एक आजी मला म्हणाल्या, ‘पेपर आला की नुसता हातात धरून बसते.’ त्यांची सून दुपारी अर्धा तास वाचून दाखवू लागली. औषध बदललं नव्हतं, पण चेहरा बदलला.

त्या आजींच्या वयाच्या लोकांसाठी मात्र वेगळं सांगायला हवं, आणि इथे घाई करायची आहे. साठीपुढच्या माणसाला, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, किरकोळ धडपडीनंतरही मेंदूवर हळूहळू रक्त साचू शकतं. पहिला स्कॅन स्वच्छ असतो आणि तीन-चार आठवड्यांनी डोकं जड होतं, वाचलेलं समजेनासं होतं, पाऊल अडखळतं, झापड येते. ‘वय झालं आता’ म्हणून घरी बसवू नका, पुन्हा स्कॅन करा. कोणत्याही वयात पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, हातापायात कमजोरी, बोबडी वळणं, दोन बुबुळांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव असं काही झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा. वाचता येणं अचानक, एका क्षणात बंद झालं, किंवा प्रत्येक शब्दाचा उजवा अर्धा भाग दिसेनासा झाला, तर तो पक्षाघातही असू शकतो. स्वतःच्या हाताने लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नाही, असा विचित्र प्रकार त्यात घडतो. फ्रान्सच्या देजेरीन यांनी १८९२ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलंय.

चार आठवड्यांनंतरही वाचनाचा त्रास चालूच असेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. तेव्हा डोळे एकवटण्याचे व्यायाम, तोलाचे व्यायाम, मानेची फिजिओथेरपी यांतलं नेमकं काय लागेल ते तपासून ठरवायचं असतं. पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम सगळेच सांगतात. पण डोळे न एकवटणाऱ्या मुलांवर (त्यांना मार लागलेला नव्हता) २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने ७३ टक्के मुलं सुधारली आणि नुसत्या घरच्या पेन्सिलीने ४३ टक्के. तेव्हा महिनाभर एकट्याने पेन्सिल हलवून ‘मला काही फरक नाही’ असं ठरवून टाकू नका. आपल्या जिल्ह्यात असा तज्ज्ञ हाताशी असतोच असं नाही, कोल्हापूर किंवा मुंबईची एखादी फेरी पडू शकते. ती महिनोन्‌महिने घेतलेल्या टॉनिकपेक्षा स्वस्त पडेल.

आता शाळा आणि ऑफिसं. परीक्षेच्या तोंडावर मुलाचा हात मोडला, तर प्लास्टर बघून लेखनिकाची धावपळ सगळेच करतात. मेंदूला प्लास्टर घालता येत नाही, हा त्या मुलाचा गुन्हा आहे का? फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात असं ठरवलं की ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नसला तरी लिहिण्यात खरी अडचण असलेल्याला लेखनिक नाकारता येत नाही. तो निकाल दीर्घकाळच्या अपंगत्वाबद्दल आहे. महिना-दोन महिन्यांच्या कन्कशनला तो जसाच्या तसा लागू होतो असा दावा मी करणार नाही. पण त्यामागचा विचार मुख्याध्यापकांनी जरूर वाचावा. अडचण खरी आहे का ते बघा, टक्का मोजत बसू नका. आणि घटक चाचणी पुढे ढकलायला तर कुठल्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की ‘१५ दिवस विश्रांती’ आणि त्यानंतर ‘फिट’ अशा दोन चिठ्ठ्यांवर हा विषय संपवू नका. पंधराव्या दिवशी माणूस एकदम फिट होत नसतो. आणि तुम्ही रुग्ण असाल तर डॉक्टरांकडून नेमकी चिठ्ठी मागून घ्या. मुलासाठी असेल तर तिच्यात एवढं यायला हवं : पहिले काही दिवस अर्धा वेळ शाळा, सलग वाचन १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही, मध्ये डोळे मिटून विश्रांती, फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नये (फळा-वही-फळा ही नजरेची ये-जा सगळ्यात जास्त त्रास देते), त्याऐवजी वर्गमित्राच्या वहीची झेरॉक्स द्यावी, शक्य तिथे तोंडी परीक्षा, लेखी असेल तर जादा वेळ, डॉक्टर सांगेपर्यंत खेळाचा तास आणि मैदान पूर्ण बंद, कारण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार महागात पडतो. ऑफिससाठी असेल तर आकडेमोड आणि स्क्रीनचं काम सकाळच्या वेळेत आणि तुकड्या-तुकड्यांत, बाकी वेळ समोरासमोरचं काम, दुचाकी बंद. खाली पुन्हा तपासणीची तारीख, साधारण आठवड्याने. त्या तारखेला चिठ्ठी बदलायची असते, म्हणून तिच्या दोन प्रती काढा आणि एक शाळेत किंवा ऑफिसात देऊन पोच घ्या.